परी आणि तिच्या बाबांचं गाणं

मैत्रिणींनो, मागे मी इथेच विचारलं होतं, चार वर्षांच्या परीला आणि तिच्या बाबांना दोघांनाही आवडेल असं गाणं सांगा. तुम्ही सांगितलेलं एक जमलं. रोह्याच्या कंपनीतली शिफ्ट संपवून बाबा दाराशी आले की परी ते गाणं लावायला सांगायची आणि ते नाचतच आत यायचे.

त्यांना जाऊन आज सहा दिवस झाले. सुतकात घरात गाणी बंद हायत. पण परी कालपासून जेवली नाय, म्हणून दुपारी दार लोटून मी तेच गाणं हळू आवाजात लावलं.

सासूबाई आल्या. वाटलं, आता ओरडणार.

"र्‍हाऊ दे गो," म्हणाल्या. "पोर दोन घास खाईल."

परीने घास घेतला नाय. गाणं संपेपर्यंत दाराकडे बघत बसली. मग म्हणाली, "आई, मोठ्याने लाव. बाबांना ऐकू गेलं नाय."

तुम्ही काय केलं असतंत?