ती पेटी कोणी भरली?

मंडळी, आज सकाळी बोरगावजवळच्या आमच्या वावरात वाईन कारखान्याचा माणूस द्राक्षं न्यायले आला होता. मले त्याच्यावर पहिल्यापासूनच भरोसा नव्हता.

ऊन चढायच्या आत तोडा म्हणे. पेट्या अर्ध्याच भरा म्हणे. मणी चावून पाहे, बी थुंके, पण बोले काहीच नाही. माल नापास करायचा बहाणा शोधून राहिला, असंच मले वाटलं. मी त्याच्या मागंमागं फिरत होतो.

मग त्यानं एक पेटी उचलली अन् सरळ ताडपत्रीवर पालथी केली. वरचे घड टपोरे होते. खालून फुटलेले, बुरशी लागलेले निघाले.

आमच्याकडे संत्र्याची पेटी अशीच भरतात. चांगलं फळ वर, डागी खाली. मंडीत घेणाऱ्यालेही हे माहीत असते.

तो रागावला नाही. म्हणे, "काका, संत्रा एकेक सोलून खातात. हे सगळं एकाच टाकीत जाते. तिथं वरचा थर नसते."

तो गेल्यावर बायको म्हणे, "हे काम कमलाबाईचंच. उद्यापासून तिले तोडणीले बोलावू नका."

कमलाबाई आमच्याकडे कितीतरी वर्षांपासून येते. अन् ती पेटी मी भरली होती.

मी चूप बसलो. सकाळभर नजर मात्र त्या माणसावर ठेवली होती.

बायको हे मोबाईलवर वाचेलच. पण कमलाबाईजवळ मोबाईल नाही. तिच्या घरी जाऊन काय सांगू, तुम्हीच सांगा.