पायाळू भावजयीची लाथ

इस्लामपूरकडच्या लालासाहेबाचा हात तोंडाआधी चालायचा. फौजेतून पेन्शनीत आला तेव्हा गावाला वाटलं, आता गडी थंडावेल. आल्या महिन्यातच त्यानं पानपट्टीवाल्याचे दात पाडले. बायको माराला कंटाळून माहेरी गेली, असं लोक म्हणतात. लोक काय, काहीही म्हणतात. पण हे खरं होतं.

मग त्यानं उसाचा बांध धाकट्या भावाच्या रानात सरकवला. नाथाजी विचारायला आला, तर त्याला काठीनं झोडपला; मध्ये पडलेल्या भावजयीचं, राहीबाईचं, मनगट मोडलं. पुन्हा काठी उगारली आणि त्याच्याच कमरेत अशी उसण भरली, की रांगत घरी आला. उसाची लागण तोंडावर आलेली. तोवर हा बांधावर उभा राहिला नाही, तर नाथाजी बांध मागं नेणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

आधी तो मलकापूरला शिवांजली नावाच्या फिजिओथेरपीवालीकडं गेला. तिनं अंगठ्यानं चाचपून सांगितलं, नस दबलीय, धसमुसळेपणा नको, सावकाश व्यायाम करा. "दुखत न्हाई त्यो इलाज कसला?" म्हणून हा उठला. पाटणकडच्या ज्ञानू हाडवैद्यानं मात्र पाठीत गुडघा देऊन असा हिसका मारला, की लालासाहेबानं कळवळून त्याचं नाकच फोडलं. ते दारही बंद झालं.

उरली लाथ. पायाकडून जन्मलेल्या माणसानं कमरेला लाथ मारली की उसण पळते, हे आपल्याकडं कोण मानत नाही? लाथ म्हणजे नुसतं पाऊल टेकवायचं, एवढंच. पण गावात पायाळू एकच, राहीबाई. आणि पायाळूनं लाथ मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं. लालासाहेबानं त्या रीतीवरच भरवसा ठेवून बोलावणं धाडलं. कसला शहाणा!

राहीबाई प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून आली. हा उंबऱ्याशी पाठमोरा, वाकून उभा राहिला. मागं बघायचं नसतं.

"भावजी, कुटं दुखतंय?"

"हितं. आन् जरा जोरात हाण. बायकांच्या लाथंत दम कुठला?"

तिनं चप्पल काढली, आणि लाथ घातली. लालासाहेब तोंडावर चौकटीवर आपटला. ओठ फाटला, रक्त उंबऱ्यावर सांडलं. उठायला गेला, तर राहीबाई शांतपणे म्हणाली,

"रीत तीनदाची हाय, भावजी."

उरलेल्या दोन तिनं जमिनीवरच दिल्या.

डावा पाय लुळा पडला. जीपमध्ये आडवा घालून मलकापूरला नेला. शिवांजलीनं विचारलं, हे कुणी केलं? हा म्हणाला, म्हशीनं. दुसरं काय सांगणार? पोलिसांत जावं, तर लाथ यानंच मागितलेली.

लागणीच्या दिवशी नाथाजीनं ट्रॅक्टर लावून बांध मूळ जागी नेला. लालासाहेब दारातल्या खाटेवरून शिव्या घालत होता. दोनदा उठला, दोनदा पाय दुमडून पडला. समोर भाऊ सरीला पाणी देत होता, आणि राहीबाई बेणं टाकत होती, एका हातानं.