तीन माणसांचं पाणी

पाण्यापुढे सगळी माणसं सारखी असतात. हे वाक्य माझ्या वडिलांचं. नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागातून निवृत्त होताना, गळ्यात हार आणि हातात नारळ घेऊन त्यांनी ते उच्चारलं आणि सभागृहात टाळ्या पडल्या. त्या काळी आमच्या गावात नगराध्यक्षांच्या गल्लीला रोज पाणी यायचं आणि बाकीच्यांना दिवसाआड पाऊण तास. टाळ्या वाजवणाऱ्यांत दोन्ही प्रकारची माणसं होती.

हे वाक्य पुन्हा आठवलं ते नीउ-व्हेनेप या डच गावातल्या आमच्या घरी आलेल्या पाण्याच्या वार्षिक बिलामुळे. महामारीचं पहिलं वर्ष होतं. आई-बाबा फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आले होते. मार्चमध्ये विमानं बंद झाली. व्हिसाची मुदत वाढवून मिळाली, मग पुन्हा मिळाली. उन्हाळ्यात भारतीयांना परत नेणारी खास विमानं सुरू झाली, पण आईच्या दम्याकडे बघून सगळ्यांनीच "जरा गर्दी ओसरू दे" म्हटलं. ती काही ओसरेना. ऑक्टोबर उजाडला तरी त्यांच्या दोन बॅगा जिन्याखाली अर्ध्या भरलेल्या होत्या आणि कोणी काही विचारलं की बाबा म्हणायचे, "आमचं काय, आज आहोत, उद्या नाही." सत्तरी ओलांडलेल्या माणसाने महामारीत हे वाक्य जरा जपून वापरावं, असं माझं मत होतं.

घरात एरवी आम्ही तिघं. मी, बायको आणि आठ वर्षांची मुलगी. माझं ऑफिस झुइडासच्या काचेच्या मनोऱ्यातून उठून जेवणाच्या टेबलावर आलं होतं, बायकोचं वरच्या खोलीत. सगळे चोवीस तास घरात आणि नळालाही चोवीस तास पाणी. पण या दुसऱ्या गोष्टीवर आईचा विश्वास नव्हता. ती सकाळी सहाला उठून पाणी भरायची. एक स्टीलचं पिंप, दोन बादल्या, एक कळशी आणि स्वयंपाकघरातली सगळी मोठी पातेली. त्याआधी कालचं पाणी शिळं म्हणून ओतायची.

"अगं, इथे पाणी जात नाही," मी सांगायचो.

"नळ काय सांगून जातो?"

मार्चमध्ये सुपरमार्केटच्या फळ्यांवरून टॉयलेट पेपर नाहीसा झाला, तेव्हा तिला फार बरं वाटलं. "बघ, हेही साठवतात. फक्त चुकीची वस्तू साठवतात."

पाणी भरून झालं की ती एक बादली घेऊन दाराबाहेरची पायरी धुवायची आणि तिथे चार ठिपक्यांची रांगोळी काढायची. समोरच्या म्हाताऱ्या डच बाईंनी दीड मीटर अंतर राखून सांगितलं, की त्यांच्या आजीही दर शनिवारी पायरी अशीच घासायच्या. आईला मी त्याचं मराठी करून दिलं. ती म्हणाली, "मग मधे काय झालं?" त्याचं डच मी करून दिलं नाही.

मग ते बिल आलं. रक्कम म्हणाल तर किरकोळ. या देशात पाणी स्वस्त आहे आणि समुद्राच्या पातळीखाली राहणाऱ्यांना ते आणखी महाग विकणं बरंही दिसलं नसतं. पण बिलावर एक चित्र होतं. दोन निळे खांब. एकाखाली लिहिलेलं 'तुमच्यासारखं घर', दुसऱ्याखाली 'तुमचं घर'. आमच्यासारख्या घराचा खांब एकशे तीस घनमीटरवर थांबला होता. आमचा एकशे अठ्ठ्याण्णववर.

मी पहिली चूक केली ती म्हणजे गणपतीसाठी काढलेल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, की इतरांचं किती येतं. लॉकडाऊनमध्ये लोकांना तुलना करायला नवं काही हवंच होतं. पाच मिनिटांत आकड्यांचा पाऊस पडला. कोणाचं चौघांचं एकशे दहा, कोणाचं तिघांचं पंच्याण्णव. "भाऊ, मागे स्विमिंग पूल काढला का?" असं एकाने विचारलं. युट्रेख्टमध्ये संशोधन करणाऱ्या एका मुलाने लिहिलं, "आम्ही एका घरात सहा जण राहतो, तरी तुमच्यापेक्षा कमी. अर्थात आम्ही भांडी घासत नाही."

दुसरी चूक म्हणजे हे सगळं मी बाबांना दाखवलं.

आठ महिने निवृत्तीपेक्षाही रिकामे गेलेल्या माणसाच्या हातात अखेर एक प्रकरण आलं. त्यांनी मुलीची एक जुनी वही मागून घेतली आणि पहिल्या पानावर 'पाणीगळती चौकशी' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. दाराजवळच्या कपाटात मीटर असतो. तिथे ते टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसले. घरातले सगळे नळ बंद करायला लावून अर्धा तास मीटरचं चाक बघत राहिले. ते हललं नाही. मग फ्लशच्या टाकीत चमचाभर हळद टाकली, गळत असेल तर खाली भांड्यात पिवळं दिसेल म्हणून. गळती दिसली नाही. टाकी मात्र अजून पिवळी आहे.

जेवताना त्यांनी अहवाल सादर केला. दुसरा शब्द नाही त्याला. चष्मा लावला, घसा साफ केला.

"एकूण वापर एकशे अठ्ठ्याण्णव घनमीटर. भागिले तीन, भागिले तीनशे पासष्ट. माणशी रोज एकशे एक्क्याऐंशी लिटर. आपल्याकडे नॉर्म एकशे पस्तीस."

"आपल्याकडे एकशे पस्तीस मिळायचं?" बायकोने विचारलं.

"कागदावर," बाबा म्हणाले. "गळती नाही. म्हणजे हा निव्वळ वापर आहे. कोणीतरी पाणी ओतून टाकतंय."

त्यानंतर कोणी आईकडे बघितलं नाही. पण चार जणांनी एकाच वेळी एखाद्या माणसाकडे न बघणं, हेही बघणंच असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंप आणि बादल्या पालथ्या घातलेल्या होत्या. पायरी कोरडी. आई अर्ध्या बादलीत आंघोळ करून आली आणि पालेभाजी एकाच पाण्यातून काढून विळीपाशी बसली. माझ्या आठवणीत तिने पालेभाजी तीनपेक्षा कमी पाण्यांतून कधी काढली नव्हती.

"आजी, स्टेप नाही वॉश करायची?" मुलीने विचारलं. ती मराठीत अडली की इंग्रजी लावते आणि इंग्रजीत अडली की डच.

"नको गं. फार पाणी लागतं."

मी म्हटलं, आई, असं काही नाही. बायकोने सांगितलं, आई, अहो ते बिल काही एवढं नाहीये. आई दोघांनाही "हो हो" म्हणाली. 'हो हो' म्हणजे काय, ते मराठी घरात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तीन दिवस ती स्वयंपाकघरातला नळ असा उघडायची, जणू शेजारी कोणी झोपलं आहे. घरात इतकी शांतता मार्चमध्येही नव्हती.

चौथ्या दिवशी मी मीटिंगमध्ये होतो. ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. मी आवाज बंद केला.

"तिकीट बघ आमचं. पुढच्या आठवड्यात विमान आहे म्हणे."

"आई, गच्च भरून जातात ती विमानं. नऊ-दहा तास मास्क लावून बसायचं. तुझा दमा..."

"दमा तिकडेही आहेच. आठ महिने झाले, पुरे झाला पाहुणचार. तिकडे निदान पाणी माझं असतं, कितीही ओतलं तरी."

पडद्यावर एक गृहस्थ संस्थेच्या भविष्यातील दिशेबद्दल बोलत होते. मी कॅमेराही बंद केला. लस अजून यायची होती. आईचा इनहेलर तिच्या उशीखाली असायचा. आणि ती त्या विमानात बसायला निघाली होती दोन निळ्या खांबांपायी.

दुपारी मी ते बिल घेऊन बसलो आणि पहिल्यांदाच, चित्र सोडून, नीट वाचलं. माझं डच सुपरमार्केट आणि शेजाऱ्यांपुरतं आहे. त्यामुळे एकेक ओळ फोनला दाखवत गेलो. मीटरचं भाडं, कर, मागच्या वर्षीचं वाचन, या वर्षीचं वाचन. आणि 'तुमच्यासारखं घर' या खांबाच्या पायाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत: व्यक्तींची संख्या, तीन.

कंपनीचा काही दोष नव्हता. घर घेतलं तेव्हा मीच तसं कळवलं होतं. आई-बाबा पाहुणे, त्यांची कुठे नोंद असणार? पण बाबांनीही तीननेच भागलं होतं. चौतीस वर्षं पाणी वाटलेल्या माणसाने. वही घेऊन मी त्यांच्यासमोर गेलो.

"बाबा, तुम्ही तीनने का भागलंत?"

"मग? घरात माणसं तीन."

"आणि तुम्ही?"

"आम्ही पाहुणे." त्यांना प्रश्नच कळला नव्हता. "तरंगती लोकसंख्या. जत्रेला आलेली माणसं आपण गावात धरत नाही. हिशोबाचा नियम आहे."

"जत्रा किती दिवस असते?"

"तीन-चार दिवस."

"तुम्ही आठ महिने तरंगताय."

बाबांनी वही माझ्या हातातून घेतली. फेब्रुवारीपासून दोघंही या घरात पाणी पीत होती, आंघोळ करत होती, धुण्याचे दोन ढीग जास्त पडत होते. आणि दोघांच्याही डोक्यात ती उद्याच जाणार होती. कंपनीने नाही, त्यांनीच स्वतःला मोजलं नव्हतं. पाणी मात्र दोघांनाही मोजत होतं, आणि त्यांचा सगळा वाटा आमच्या तिघांच्या माथी, म्हणजे पर्यायाने आईच्या बादल्यांच्या माथी मारला जात होता.

स्वयंपाकघरात पातेल्याचा आवाज थांबला.

"पाचने भागून किती येतं?" आईने आतूनच विचारलं.

"पाचने असं सरसकट नाही भागता येत," बाबा एकदम सावरून म्हणाले. नियम मोडला गेला होता, निदान पद्धत तरी राहावी. "आपण फेब्रुवारीत आलो. तिघं बारा महिने, छत्तीस. दोघं आठ महिने, सोळा. बावन्न माणूस-महिने." त्यांनी भागाकार मांडला, पुसला, पुन्हा मांडला. मग पेन खाली ठेवलं.

"एकशे पंचवीस."

"म्हणजे?"

"म्हणजे नॉर्मच्या आत. दहा लिटर."

"माणशी?"

"माणशी."

"पिंप, बादल्या सगळं धरून?"

"सगळं धरून. शिळं ओतलेलंही."

आई बाहेर आली. हात पदराला पुसत तिने वहीत डोकावलं. तिला भागाकारात रस नव्हता. वर, घरातल्या माणसांच्या संख्येपुढे, बाबांनी तीन खोडून पाच लिहिलं होतं, तेवढंच तिने बघितलं.

"चार दिवस मी अर्ध्या बादलीत आंघोळ केली," ती बाबांना म्हणाली. "तुमचा हिशोब चुकला म्हणून."

"हिशोब बरोबर होता. माणसं चुकली."

"तेच ते."

त्या दुपारी तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. संध्याकाळच्या चहाआधी तिने मला जिन्याखालच्या बॅगा रिकाम्या करून माळ्यावर टाकायला सांगितलं. लस घेतल्याशिवाय त्या खाली उतरवायच्या नाहीत, असंही तीच म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पिंप भरण्याचा आवाज आला आणि मी कूस बदलून पुन्हा झोपलो. ग्रुपवर मी सुधारित आकडा टाकला. तोवर मंडळी चकलीच्या भाजणीवर गेली होती आणि तो कोणी वाचला नाही.

प्रकरण इथे मिटायला हरकत नव्हती. पण बाबांना समजलं, की या देशात पाण्याचं एक बिल नसतं. नळातून येण्याचं वेगळं, गटारातून जाण्याचं वेगळं, आणि गेलेलं पाणी स्वच्छ करण्याचं तिसरं. हे तिसरं एक जलमंडळ घेतं. असली मंडळं या देशापेक्षाही जुनी आहेत. आणि तिथे आकारणी घरातल्या माणसांवरून होते. देशापेक्षा जुन्या कचेरीला आपण चुकीची माहिती देतो आहोत, या विचाराने बाबांचं जेवण कमी झालं.

त्यांनी स्वहस्ते अर्ज लिहिला. 'मी, खाली सही करणार' अशी सुरुवात, मध्ये लोकशाही राष्ट्रात नागरिकाने पाण्याशी प्रामाणिक राहण्याविषयी एक परिच्छेद, आणि शेवटी पाचही जणांची पूर्ण नावं. आईच्या आग्रहाने तिचं नाव पहिलं. फोनच्या मदतीने मी त्याचं डच केलं, पाण्यापुढे सगळी माणसं सारखी असतात या वाक्यासकट, आणि पाठवून दिलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार मानून त्यांनी लिहिलं होतं, की एकट्या माणसाचं घर त्यांच्याकडे एक धरलं जातं, आणि एकाहून जास्त माणसं असलेलं कोणतंही घर, माणसं कितीही असोत, तीन धरलं जातं.