छुट्टी न घेणारा माणूस

फोन आला तेव्हा मी गच्चीवर पापड उलटत होते. खालच्या हंसाबेननी जिन्यातूनच हाक मारली, "मासी, पलसाणाथी फोन छे, जल्दी आवो." माझा धाकटा दीर अशोक सुरतेबाहेर पलसाण्याच्या एका कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये कलर मास्टर होता. तोच असेल म्हणून मी पदराला हात पुसत गेले, तर बोलत होता मिलचा टाइमकीपर. चहाच्या सुट्टीत अशोक मशीनजवळ कोसळला, दवाखान्यात नेईपर्यंत संपला... आणि मग तो गृहस्थ धीर देत म्हणाला, "ड्यूटी पर ही गए, मासी." ऐन चाळिशीतला माणूस गेला आणि हा मला जणू चांगली बातमी सांगत होता. त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. तो जाऊ नये म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

अशोकला मी हाफ चड्डीत पाहिलेलं. लग्न होऊन मी अमळनेरकडून सुरतेत आले, आमचे हे कापडाच्या लूमवर होते, आणि मागोमाग सासूबाईंनी अशोकला शहाणा करायला आमच्याकडे धाडलं. तो फार सुरेख आळशी होता. संक्रांत जवळ आली की रस्त्याच्या कडेला मांजा रंगवणाऱ्यांजवळ दिवसभर उकिडवा बसायचा आणि कोपरापर्यंत गुलाबी होऊन घरी यायचा. मी तेव्हा सातवी पास, त्यामुळे जगातलं सगळं मला कळत होतं. सुरत म्हणजे शर्यत आहे आणि बक्षिसं वाटायला मला बसवलंय, अशा तोऱ्यात असायची मी. "रंगानं पोट भरतं का रे?" असं रोज विचारायची. त्याला उठवायला गजराचं घड्याळ आणलं आणि आवाज मोठा व्हावा म्हणून ते स्टीलच्या ताटात ठेवून त्याच्या उशाशी मांडलं. गल्ली जागी झाली, अशोक नाही. सावकाश एक डोळा उघडून म्हणाला, "वहिनी, ताट वाजलं. जेवायला वाढलंय का?"

पुढे रंगानंच त्याचं पोट भरलं, आणि रंगानंच ते जाळलं. व्यापाऱ्यानं दिलेल्या चिंधीचा रंग आणि मिलमधून निघालेल्या कापडाचा रंग तंतोतंत जुळला पाहिजे, ही कलर मास्टरची जबाबदारी. एक छटा, त्यांच्या भाषेत शेड, चुकली की सगळा माल परत, आणि शिव्या मास्टरला. अशोकची नजर चांगली होती म्हणून तो चढत गेला. सुरतेत पर्वत पाटिया भागात फ्लॅट झाला, स्कूटर आली, गावाकडच्या पोरांना लोक त्याचं उदाहरण देऊ लागले. पण त्याची नजर काही मिलपुरती राहीना. पुतणीच्या लग्नात नवरीच्या शालूचा पदर खिडकीकडे धरून म्हणाला, "बॉडी एका लॉटमध्ये रंगवलीय, पदर दुसऱ्या." नवरी रडायच्या बेतात आली. आम्ही सगळे कौतुकानं हसलो. आता वाटतं, हसण्यासारखं त्यात काय होतं...

श्रावणात आम्हा खान्देशी लोकांच्या घरी कानबाई बसते. तिचे रोट म्हणजे सगळ्या भाऊबंदांनी एकत्र बसून जेवायचं, देवीच्या नावानं दळलेलं पीठ संपेपर्यंत जेवायचं. तिथे घाई हा शब्दच नाही. पूर्वी बायकांच्या बरोबरीनं गाणी म्हणणारा, पुरणपोळीवरून भांडणारा अशोक नंतर नंतर उंबऱ्यापाशी उभ्यानं जेवू लागला. एक हात ताटाला, एक हात जळणाऱ्या पोटावर. सासूबाई म्हणायच्या, "बठ ना रे भाऊ, कोठे पळी ऱ्हायना?" तो म्हणायचा, "माय, मशीनमध्ये लॉट आहे." आणि भाऊबंदांनी काय करावं? त्याला बसवावं? छे. त्यांनाच उभं राहून जेवणं मोठेपणाचं वाटू लागलं. ज्यांना काडीचं काम नव्हतं तेही जेवताना घड्याळ बघू लागले. आमचे हे तर लूम सोडून घरी बसले होते, तेसुद्धा पोळी तोडता तोडता मनगटाकडे बघायचे. घड्याळ बंद होतं, मला ठाऊक होतं. गाण्यांची कॅसेट आली, कारण म्हणायला वेळ कुणाला? जो जितका वैतागलेला, तो तितका यशस्वी, असा हिशोबच आमच्यात रूढ झाला.

डॉक्टरांकडे गेला तर ते म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." जणू टेन्शन कुणी ताटात वाढतं आणि हा अजून मागून घेतो.

शोकसभेत मिलचे शेठ माइकवर म्हणाले, "मास्टर ने कभी छुट्टी नहीं ली." लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. हेच वाक्य सोनेरी अक्षरांत छापून, काचेत बसवून त्यांनी आणलं होतं. ते घ्यायला अशोकची बायको विमल उठली. ती कधी चार माणसांत बोललेली नाही. पदर नीट केला आणि माइक तसाच चालू असताना म्हणाली, "माँगी थी, शेठ. आपने बोला, शेड कौन देखेगा." मग फ्रेम घेऊन खाली येऊन बसली. टाळ्या कुठे ठेवाव्यात हे लोकांना कळेना.

घरी आल्यावर भाऊबंदांचा आग्रह सुरू झाला. थोरले नणदोई म्हणाले, "हॉलमध्ये लावा, विमलबाई. उद्या पोर मोठी होईल, बघायला पाहुणे येतील. बाप कसा होता ते दिसू दे."

"कसा होता ते मला विचारा," विमल म्हणाली. "भिंतीवर हे लागणार नाही. माझी पोर हे वाचत मोठी व्हायला नको."

ते रागावून गेले. फ्रेम मी माझ्याकडे आणली. डाळीच्या पातेल्यावर झाकण म्हणून ती छान बसते, अक्षरं खालच्या बाजूला.

परवा संध्याकाळी मी विमलकडे गेले. कणीक मळून झाली होती, तवा गॅसवर होता, पण गॅस पेटवलेला नव्हता. ती गॅलरीच्या दारात नुसती उभी. मी म्हटलं, "पोरीला भूक लागली असेल गं." ती म्हणाली, "वहिनी, ते आले की लगेच वर येत नसत. खाली स्कूटर बंद करून तिच्यावरच बसून राहायचे. शेजाऱ्यांना वाटायचं, हिशोब करताहेत. मिलचा राग घरात यायला नको म्हणून बसायचे. मी इथून बघायची. मान जरा सैल पडली, खांदे खाली आले, की मगच तवा तापवायची... मी बघते हे त्यांना माहीत नव्हतं."

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. खाली कुणाची तरी स्कूटर येऊन थांबली. विमल कठड्याला धरून वाकली. पोरगी आतून म्हणाली, "मम्मी, भूख लागी छे."

"थांब जरा," विमल म्हणाली. "उतरू दे."