चौथी शिंक

दुआभाईंच्या दिवसाला दुआंचे टाके घातलेले असत, तेही चार-चार बोटांवर. उठल्याची दुआ, संडासात शिरायची दुआ आणि डावा पाय आधी, बाहेर यायची दुआ आणि उजवा पाय आधी, कपडे घालायची, उंबरठा ओलांडायची, सायकलवर बसायची, बाजारात शिरायची. कोंबडा आरवला की अल्लाकडे मेहेरबानी मागायची, गाढव ओरडलं की सैतानापासून आसरा मागायचा. शेजारच्या कुलूपवाल्याची जुनी मोटारसायकल सुरू होताना हुबेहूब गाढवासारखी ओरडायची. एकदा पाठमोऱ्या भाईंनी ती ऐकून मोठ्याने आसरा मागितला. कुलूपवाल्याने कारण विचारलं आणि भाईंनी ते खरंखरं सांगितलं. खोटं बोलायची दुआ कुठल्याच पुस्तकात नसते, म्हणून भाई खोटं बोलत नसत. कुलूपवाला मात्र पुढे महिनाभर मोटारसायकल ढकलत कोपऱ्यापर्यंत नेऊन मग सुरू करायचा.

त्यांच्या खिशात मेणकापडाचं वेष्टण घातलेलं दुआंचं चिमुकलं पुस्तक असे. आरशात बघताना म्हणायची दुआ त्यांना विशेष आवडायची: अल्ला, जशी माझी सूरत चांगली केलीस, तशी माझी वागणूकही चांगली कर. भाभी, म्हणजे त्यांची बायको, एकदा मागून जाता जाता म्हणाली होती, "मागणं पुढे रेटण्याआधी पहिलं काम झालंय का ते तरी नीट बघून घ्या."

भाईंचं दुकान गाद्यांचं. वडिलांनी सुरू केलेलं, आता दोघा भावांचं. मागच्या खोलीत कापूस पिंजायचं यंत्र, पुढच्या खोलीत फरशीवर गादी पसरून दाभणाने टाके घालायचे. कापसाचे तंतू दिवसभर हवेत तरंगत, भुवयांवर बसत, चहाच्या पेल्यात पोहत आणि नाकात जात. त्यामुळे या दुकानात माणसं श्वास घेत त्याच्या खालोखाल शिंकत.

आता शिंकेचंही एक शास्त्र आहे, आणि भाई त्यातले तज्ज्ञ. शिंकणाऱ्याने अल्हम्दुलिल्लाह म्हणायचं, म्हणजे अल्लाचे आभार. ते ऐकणाऱ्याने यर्हमुकल्लाह म्हणायचं, अल्ला तुझ्यावर दया करो. हे ऐकणाऱ्याचं देणंच असतं, टाळता येत नाही. त्यावर शिंकणाऱ्याने परत दुआ द्यायची, अल्ला तुम्हाला वाट दाखवो आणि तुमचं सगळं नीट करो. पण हे तीन शिंकांपर्यंतच. चौथीपासून ऐकणारा मोकळा, कारण मग ती शिंक नव्हे, सर्दी. हा कायदा भाईंनीच धाकट्या भावाला शिकवला होता. धाकटा तेव्हा सहा वर्षांचा होता, भाई वीसचे. वडील नुकतेच गेले होते आणि भाई दुआ शिकवता शिकवता त्याचे वडील होऊन बसले. तीस वर्षं ही देवाणघेवाण दाभणाच्या लयीत चालली होती. गिऱ्हाइकांना वाटायचं, हे भाऊ एकमेकांशी फार बोलतात. प्रत्यक्षात ते फार शिंकत.

शनिवारी दुपारी यात विघ्न आलं. गणिताच्या बाईंची मोठी गादी परत आली. पलंगाच्या पायथ्याशी दोन इंच उघडी फळी दिसत होती, आणि बाईंनी ती फळी पट्टीने मोजून आणली होती. बाई चिडल्या नव्हत्या, पण गणिताच्या बाई नुसतं "दोन इंच" म्हणाल्या तरी वर्गात उभं केल्यासारखं वाटतं. भाईंना तर फारच वाटलं. कापणारा धाकटा, तेव्हा चूक त्याची. भाईंनी बाईंच्या समोरच त्याला सुनवायला घेतलं. लक्ष कुठे असतं इथपासून सुरुवात झाली आणि शेवट झाला तो असा: "अब्बा गेले त्या दिवसापासून हे ओझं मी वाहतोय."

धाकट्याने हातातलं दाभण गादीत टोचून ठेवलं. बाईंनीही पर्स उगाच उघडून मिटली. मंगळवारी संध्याकाळी गादी घरपोच करायचं ठरलं, बाई गेल्या, आणि भाईंनी लगेच बैठकीतून उठतानाची दुआ म्हटली. बैठकीत वावगं, फालतू काही बोललं गेलं असेल तर तिने माफ होतं. भाई निर्धास्त झाले. जीभ सुटली होती खरी, पण वर अर्ज गेला होता.

धाकटा मात्र त्या मिनिटापासून मुका झाला. दुकानात वेळेवर येई, टाके नेहमीसारखे सरळ घाली, पण शब्द नाही. काही सांगायचंच झालं तर शिलाई मशीनला सांगे की सुतळी संपत आलीय. भाईही मग मशीनलाच उत्तर देत की उद्या आणतो. दोघांमध्ये तेवढं मशीनच काय ते चांगलं ऐकून घेणारं निघालं. आणि रविवारी धाकट्याच्या बायकोने भाभीला हळूच सांगितलं की स्टेशनपलीकडच्या सोफ्याच्या कारखान्यात त्याचं बोलणं झालंय. बुधवारपासून तिकडे जाणार.

भाभीने ते भाईंना सांगितलं. बुधवारपासून दाभणाच्या पलीकडे कोणी नसणार, ही कल्पनाच त्यांना करवेना. पण शिंकांवर त्यांची आशा होती. अबोला असला तरी धाकटा देणं चुकवत नव्हता. भाई शिंकले की दातात दोरा धरून, भिंतीकडे बघत, यर्हमुकल्लाह टाकायचा. जेवताना भाईंनी भाभीला विचारलं, हे बोलण्यात धरायचं की नाही? कारण भावाशी तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला धरू नये, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं आणि शनिवारच्या दुपारपासून मंगळवारची दुपार म्हणजे मुदत संपली. भाभीने ताट पुढे सरकवत सांगितलं की नाक दाबलं की तोंड उघडतं हे ऐकलं होतं, पण नाकानेच समेट करणारा माणूस आज पाहिला.

सोमवारी भाईंनी ऑर्डरची वही उघडली आणि त्यांच्या पायाखालची फरशी सरकली.

त्याचं असं होतं की भाईंची टेप वडिलांच्या वेळची. तिची पहिली दोन इंचं कधीच झिजून तुटून गेली होती, टेप सुरूच होई दोनपासून. म्हणून भाई गिऱ्हाइकाकडे मोजून टेपवर दिसेल तो आकडा लिहीत आणि दुकानात लोखंडी पट्टीवर कापताना धाकटा त्यातून दोन वजा करी. धाकटा कापायला लागल्यापासून हेच चाललं होतं आणि एकही गादी कमी पडली नव्हती. टेप बदलावी असं कोणी सुचवलं तर भाई दुखावले जात. पण बाईंच्या घरी टेप चौऱ्याहत्तर दाखवत असताना बाई म्हणाल्या होत्या, पलंग बहात्तरचा असेल. गणिताच्या बाईंपुढे छाप पाडायची ही संधी भाई कशी सोडतील? त्यांनी जागच्या जागी तोंडी वजाबाकी करून, मान डोलावून, ऐटीत बहात्तर लिहिलं होतं. धाकट्याने दुकानात इमानाने पुन्हा दोन वजा केले.

वहीतले बाकी सगळे आकडे वाढीव होते. एकटा बहात्तर तेवढा शहाणा.

भाभीला त्यांनी हे सांगितलं, आणि वर हेही की बैठकीची दुआ आपण म्हटलेली आहे. भाभी भांडी विसळत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुम्ही वर माफी मागितलीत. भाजलं कोणाला? तो तर खाली बसलाय, तुमच्यापासून दोन हातांवर."

भाईंनी खिशातलं पुस्तक काढलं. ढग गडगडल्याची दुआ होती. नवा चंद्र दिसल्याची होती. नव्या कपड्याची होती, जेवताना बिस्मिल्ला म्हणायचं विसरलं तर मध्येच आठवल्यावर म्हणायचीही होती. धाकट्या भावाला माझं चुकलं म्हणायची दुआ त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा शोधली. चष्मा पुसून तिसऱ्यांदा. मग त्यांच्या लक्षात आलं की ती पाठ करून येणारी नाही, आणि ती अरबीतही नसणार. आयुष्यात पहिल्यांदाच भाईंपुढे असा प्रसंग आला होता की ज्यात काय म्हणायचं ते त्यांनाच ठरवायचं होतं.

मंगळवारी सकाळपासून त्यांनी पाच वेळा घसा साफ केला. दोनदा चहाचा पेला धाकट्यापुढे सरकवला. धाकट्याने चहा प्यायला आणि पेल्यासाठी मशीनचे आभार मानले. दुपार झाली. बाईंची गादी नव्या खोळीत पुरी बहात्तर इंच भरून झाली होती. वरचे टाके घालून झाले, आता ती उलटायची होती, आणि एवढी मोठी गादी उलटायला दोन माणसं लागतात, बोलत असोत वा नसोत. दोघांनी दोन बाजूंनी धरून ती उभी केली. मध्ये भिंतीसारखी गादी, एकीकडे भाई, दुसरीकडे धाकटा.

उभ्या गादीतून कापसाचा ढग उठला आणि भाई शिंकले. अल्हम्दुलिल्लाह. पलीकडून यर्हमुकल्लाह. भाईंनी परतीची दुआ दिली. दुसरी शिंक, दुसरं उत्तर. तिसरी शिंक, तिसरं उत्तर, थोडं तुटक. भाईंचे डोळे पाण्याने भरले, दोन्ही हात गादीत गुंतलेले, नाक पुसायची सोय नाही. आणि मग चौथी आली, अशी की बाहेर कुलूपवाल्याने हातातली किल्ली खाली टाकली.

अल्हम्दुलिल्लाह, भाई म्हणाले.

पलीकडे शांतता. कायदा स्पष्ट होता, तोही त्यांनीच शिकवलेला. धाकट्याचं देणं फिटलं होतं. आता तो काहीच म्हणाला नाही तर कोणी त्याला नावं ठेवू शकत नव्हतं. भाई गादी धरून नुसते उभे राहिले.

"सर्दी झालीय तुम्हाला, भाई," गादीच्या पलीकडून आवाज आला. "दोन दिवस बघतोय. गरम पाणी प्या."

हे मशीनला म्हटलेलं नव्हतं.

"टेप," भाई म्हणाले. गादीमुळे तोंड दिसत नव्हतं ते एक बरं होतं. "बाईंच्या घरी दोन इंच मीच वजा केले होते. तू पुन्हा केलेस. चूक माझी होती. आणि ते ओझं म्हणालो... ते खोटं होतं. मी खोटं बोललो."

मग धाकटा म्हणाला, "आकडा मी शनिवारीच वहीत पाहिला होता. बाई दोन इंच म्हणाल्या तेव्हाच."

"मग बोलला का नाहीस?"

"बाईंसमोर? तुमच्याबद्दल?"

भाईंना पाचवी शिंक आली नाही, पण डोळ्यांतलं पाणीही थांबलं नाही. गादी उलटायची राहूनच गेली, दोघं बराच वेळ ती उभी धरून होते.

संध्याकाळी गादी दोघांच्या डोक्यावरून बाईंच्या तीन जिन्यांवर चढली. जिना चढताना अल्लाहु अकबर म्हणायचं असतं. भाई एरवी पायरीपायरीला म्हणायचे, आज त्यांच्या ओठांवर दुसरंच घोळत होतं. बाईंनी दार उघडलं आणि भाईंनी उंबरठ्यावर, बिस्मिल्ला विसरून, चुकीचा पाय आत टाकून, सांगून टाकलं की वजाबाकी त्यांची होती, कापणाऱ्याची नव्हे. आणि शनिवारी या मुलाबद्दल बोललो ते शब्द परत घ्यायला आलो आहे, तुमच्यासमोर गेले होते म्हणून तुमच्यासमोरच. बाईंनी चष्म्यावरून आधी भाईंकडे आणि मग छत्तीस वर्षांच्या त्या मुलाकडे पाहिलं. दोन वेळा वजाबाकी केली की असंच होतं, असं म्हणून त्यांनी दोघांना पाणी दिलं. गादी फळीला फळी लागून बसली.

परतताना भाई शिलाईच्या सामानाच्या दुकानापाशी थांबले. वडिलांची टेप त्यांनी खिशातून काढली, दोनदा बोटांवर गुंडाळली, उलगडली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. मग नवी टेप घेतली, शून्यापासून सुरू होणारी. ती हातात धरून ते फुटपाथवर नुसतेच उभे राहिले. काय झालं, असं धाकट्याने विचारलं. भाईंनी कबूल केलं की नव्या टेपची दुआ पुस्तकात नाही.

धाकट्याने टेपचं टोक चिमटीत धरून बघितलं.

"कापडाचीच आहे," तो म्हणाला. "नव्या कपड्याची म्हणा. आणि उद्या, बुधवारी, जरा लवकर या, वहीतले जुने वाढीव आकडे दोघं मिळून दोन-दोनने कमी करू."