दादाच्या गाडीतलं घड्याळ

दादा आजारी असल्याचं मला बुधवारीच कळलं होतं. म्हटलं, रविवारी निवांत जाऊ, भिसेगावाहून चौक काय लांब आहे... शुक्रवारी सकाळी भाचा दारात उभा. नुसता ‘आत्या’ म्हणाला आणि मी समजले. आता महिना होईल. लोक पडल्या चेहऱ्यानं भेटायला येतात, पण दादाच्या गाडीचा विषय निघाला की हसत बसतात. मीसुद्धा.

चौकात हायवेला लागून दादाचं गॅरेज. एकोणीसशे साठच्या आसपास त्यानं मुंबईच्या एका शेटकडून जुनी अमेरिकी मोटार घेतली. बाहेरून लांबलचक, राजाला शोभेल अशी. आत डोकावलं की ठणठण गोपाळ! तिकडच्या एका बड्या कंपनीचा खप बसला, तेव्हा तिनं आपली श्रीमंती गाडी साध्या माणसाला परवडावी म्हणून सगळा साज उतरवून विकायला काढली होती. इंजिन तेच, सांगाडा तोच. पण रेडिओ नाही, चकचकीत पट्ट्या नाहीत, गालिच्याऐवजी रबर, ऊन अडवायची झडप एकच, तीही ड्रायव्हरपुरती. घड्याळाच्या जागी गोल पत्रा ठोकलेला. हा इतिहास दादा येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. वर मला म्हणायचा, “आगं, दागिने काढले म्हणून बाई बदलते का? उलट अंगानं हलकी झाली. घाटात बघ कशी पळते!”

माझं लग्न पळसदरीच्या मुलाशी ठरलं. माझे सासरे, तात्या, बैठकीत म्हणाले, “नवरदेव मोटारीनं येईल, आणि मोटार सगळ्या सोयींची पाहिजे.” दादानं छाती ठोकून हो म्हटलं आणि घरी येऊन कपाळाला हात लावला. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यानं त्या पत्र्याला पांढरा रंग दिला, वर काळे आकडे काढले, काटे काढले. दहा वाजून दहा मिनिटं. मी म्हटलं, “दादा, फसशील हां.”

“लग्नाच्या गडबडीत कोण बघतंय गं!”

तात्यांनी बघितलं. लग्नादिवशी दादा नवरदेवाला आणायला पळसदरीला गेला, तेव्हा पुढच्या सीटवर बसल्या बसल्या त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, जीभ चावली, “माझं पाऊण तास पुढं हाय की!” म्हणाले आणि चावी फिरवून ते गाडीतल्या घड्याळाला जुळवून घेतलं. अमेरिकेचं घड्याळ चुकेल होय! मग कर्जतला चहा. पुढे वाटेत एका नातेवाइकाकडे पाणी. दर वेळी मनगटाकडे बघून, “वेळ हाय रं अजून, घाई कसली?” मुहूर्त पावणेबाराचा. दादाला दरदरून घाम फुटला. खरं सांगावं तर बहिणीचं लग्न मोडेल, न सांगावं तर मुहूर्त टळेल.

शेवटी त्यानं गाडी बाजूला घेतली आणि हात जोडले. “तात्या, ते घड्याळ मी रंगवलंय. सोयी काय बी नाय गाडीत. मारायचं तर मला मारा, बहिणीवर राग नको.”

तात्यांनी नखानं रंग खरवडून पाहिला. “आरं गाढवा,” ते ओरडले, “मग थांबलास कशाला? पळव की!”

इकडे चौकात मांडवात मी हार घेऊन उभी, भटजी चौथ्यांदा घसा खाकरतायत... आणि हॉर्न वाजला. नवरदेव गाडीतून उतरला तो थेट पाटावर. मुहूर्त साधला. पुढे तात्याच ही गोष्ट आमच्यापेक्षा जास्त तिखटमीठ लावून सांगत.

गाडी कधीच भंगारात गेली. पत्रा तेवढा दादानं गॅरेजात ठेवला होता, तो भाच्यानं परवा मला आणून दिला. स्वयंपाकघरात टांगलाय. बघितलं की हसू येतं, मग स्वतःचाच राग येतो. तात्यांसारखंच मीही नसलेला वेळ खरा धरला. त्यांना दादानं गाडी थांबवून खरं सांगितलं. मला सांगायला कोणी नव्हतं.

गेल्या आठवड्यात वहिनीकडे जायचं होतं. “चहा घेऊन निघू, वेळ आहे अजून,” हे म्हणाले. मी पत्र्याकडे पाहिलं. दहा वाजून दहा मिनिटं... चहाचं आधण तसंच उतरवलं आणि पायांत चपला सरकवल्या.