उंबऱ्याबाहेरची रायफल

फौजेतली पंधरा वर्षं संपवून मी राखीव सशस्त्र पोलिसात हवालदार झालो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका निवडणुकीत माझ्या सेक्शनची ड्यूटी बेळगाव जिल्ह्यात, सदलग्याच्या पुढं, नदीकाठच्या एका गावात लागली. चार जवान, चार रायफली, एक वायरलेस सेट. मतदान केंद्र म्हणजे शाळेची एक खोली. दार एकच, खिडक्यांना गज.

केंद्राध्यक्ष निपाणीचे कांबळे मास्तर होते. बारीक अंगाचे, हळू बोलणारे. सकाळी सव्वासहाला त्यांनी मला उंबऱ्यापाशी थांबवलं.

"हवालदार, हत्यारबंद माणूस आत येणार न्हाय. मी बोलावलं तरच. कायदा तसाच हाय."

"सर, गाव तापलंय. एक जवान आत ठेवतो."

"माझे वडील ह्याच गावात मजुरी करत व्हते. रायफल बघितली की आमच्या गल्लीतल्या बायका माघारी वळतील. त्यास्नी मतापासून अडवायला मग कुणाला दंगल करायची गरज न्हाय."

मी जवानांना वीस पावलं मागं, चिंचेखाली उभं केलं. दाराशी होमगार्ड कल्लाप्पा राहिला. तो बेळगावातल्या वडगावचा विणकर, घरी पॉवरलूम. वय तिशीच्या आतलं. त्याच्याजवळ काठीसुद्धा नव्हती.

आठला मतदान सुरू झालं. साडेनऊपर्यंत मास्तरांच्या त्या खालच्या गल्लीतलं कुणी आलं नाही. मग पाच बायका आल्या, त्यांच्यामागं आणखी. कल्लाप्पा रांग लावत होता. "आक्का, सावलीत थांबा. गडबड न्हाय."

दुपारी गाव गप्प झालं. हॉटेल बंद, पारावर माणूस नाही. फौजेत मी एक शिकलो होतो, गलक्यापेक्षा गप्प गावाला जास्त जपावं. दोन वाजून दहा मिनिटांनी सेट वाजला.

"कंट्रोल टू ऑल. शेजारच्या बूथवर मतपेटी फोडली. सावध राहा. ओव्हर."

"रॉजर. इथं शांत. ओव्हर."

मी मास्तरांना दारातूनच कळवलं.

तीन वाजता पुरुषांच्या रांगेत सहा अनोळखी माणसं आली. थंडी नव्हती, तरी खांद्यावर घोंगडी. मला खटकलं. मी चिंचेखालून निघालो, पण मी पोचायच्या आधीच ते एकदम आत घुसले आणि दार लावू लागले. कल्लाप्पानं दोन फळ्यांमध्ये खांदा घातला. दार हातभर उघडं राहिलं.

मी उंबऱ्यावर पोचलो, जवान माझ्या मागोमाग. फटीतून दिसलं ते असं : आत आठ-नऊ बायका भिंतीला चिकटलेल्या. मास्तर पेटीवर दोन्ही हात पसरून वाकलेले. त्यांच्या मानेवर ऊस तोडायचा कोयता.

"त्यास्नी सांग, आत येऊ नका म्हणावं," कोयतेवाला मास्तरांना म्हणाला.

मी ओरडलो, "सर, बोलवा!"

मास्तर गप्प. माझा पाय उंबऱ्याच्या अलीकडं. किती वेळ गेला सांगता येत नाही. नंतरच्या खात्याच्या चौकशीत मी पाच सेकंद सांगितले. मला ते फार वाटले.

मग मास्तर मोठ्यानं म्हणाले, "हवालदार, आत या!"

कोयता वर गेला. कल्लाप्पानं दार सोडलं आणि मास्तरांवर झेप घेतली. घाव त्याच्या मानेवर बसला.

"फायर नाही! दस्ते!" मी हुकूम दिला. आत बायका होत्या. रायफलीच्या दस्त्यांनी दोन मिनिटांत सहाही जण खाली घेतले. पेटी शाबूत होती. एकही गोळी सुटली नाही.

कल्लाप्पाला आमच्या ट्रकमधून निपाणीला पाठवलं. चार वाजता सेटवर निरोप आला : वाटेतच गेला.

मास्तरांनी फरशी धुवायला लावली. शर्ट रक्तानं भिजलेला, तसेच खुर्चीवर बसले. मला म्हणाले, "आता बाहेर, हवालदार."

मी बाहेर गेलो. सव्वाचारला मतदान पुन्हा सुरू झालं. मघाच्या बायकांपैकी एक सोडून सगळ्या रांगेत परत आल्या.

महिन्याभरानं मी आणि मास्तर वडगावला गेलो. कल्लाप्पाची बायको दारात उभी राहिली. आत या म्हणाली नाही.

"तुम्ही दारातच व्हता न्हवं?"

"व्हय."

"बंदूक व्हती?"

"व्हय."

"मग?"

मी कायदा सांगितला. बोलावल्याशिवाय आत जाता येत नाही, हे सांगितलं. मास्तर म्हणाले, "ताई, बोलवायला उशीर मी केला. मी भ्यालो." हे त्यांनी चौकशीतही सांगितलं नव्हतं, मलाही नाही.



"त्येला कुणी बोलावलं व्हतं?" तिनं विचारलं.

मास्तर आता नाहीत. माझी सत्तरी उलटली. नियम बरोबर होता, असं मी आजही म्हणतो. आणि कल्लाप्पाचं नाव घेतल्याशिवाय मी मताला जात नाही.